'पाऊस आला तर' आणि 'पाऊस आला असता तर': मोडल्स आणि इफच्या वाक्यांत आपण नेमके कुठे अडकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे की कॅन-कुड, विल-वुड, मे-माइट, मस्ट, शुड या मोडल्सचे, म्हणजे क्षमता, शक्यता, परवानगी, सक्ती दाखवणाऱ्या सहायक क्रियापदांचे, मराठी अर्थ पाठ आहेत, इफच्या वाक्यांचे झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चारही साचे पाठ आहेत, गाळलेल्या जागा दिल्या तर २० पैकी १८ बरोबर येतात, पण स्वतः मेल लिहायला बसलं किंवा मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की सगळं विस्कटतं. सोबत चार चुकलेली वाक्यं दिली आहेत. 'इफ इट विल रेन, वी विल नॉट गो.' 'आय कुड फिनिश द रिपोर्ट यस्टरडे.' 'यू मस्ट नॉट कम टुमॉरो', म्हणायचं होतं की उद्या यायची गरज नाही. आणि 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.'

मी गेली २२ वर्षं मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवतेय, नोकरी करणारी, मुलाखतीला जाणारी, परदेशातल्या क्लायंटशी रोज बोलावं लागणारी माणसं, आणि ही चार वाक्यं मला अगदी ओळखीची आहेत. चारही वाक्यं मराठीत परत वाचून बघा, काहीच खटकत नाही. म्हणजे तुमचा विचार बरोबर आहे, मराठीतून इंग्लिशमध्ये जाताना एक पायरी चुकतेय, आणि गाळलेल्या जागांच्या व्यायामात ती पायरी कधी लागतच नाही कारण तिथे अर्धं वाक्य आधीच इंग्लिशमध्ये छापलेलं असतं. म्हणून मी इंग्लिशच्या नियमांपासून सुरुवात करत नाही, आपल्या बोलण्यापासून करते.

फोनवर कुणी विचारलं 'कुठे आहेस', की आपण म्हणतो 'हा आलो, आलो!' आणि तेव्हा चपलाही घातलेल्या नसतात. आलो हे रूप भूतकाळाचं, येणं मात्र अजून व्हायचंय. किंवा वरिष्ठांच्या दारात उभं राहून म्हणतो 'सर, जरा बोलायचं होतं'. होतं? बोलायचंय तर आत्ता. पण 'बोलायचंय' म्हटलं तर ते अंगावर गेल्यासारखं वाटतं आणि 'होतं' म्हटलं की आपण अदबीने एक पाऊल मागे उभे राहतो. म्हणजे आपल्या भाषेतसुद्धा भूतकाळाचं रूप दरवेळी गेलेला काळ दाखवत नाही, हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे, फक्त व्याकरणाच्या तासाला ते विसरायला लावलेलं असतं.

इंग्लिशमध्ये हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर चालते. तिथे भूतकाळाचं रूप म्हणजे एक पाऊल मागे जाणं, मग ते मागे जाणं कशापासून हे संदर्भावरून ठरतं. काळापासून मागे गेलं तर खरा भूतकाळ. समोरच्या माणसापासून मागे गेलं तर अदब, 'कुड यू हेल्प मी', 'आय वॉज वंडरिंग'. आणि वास्तवापासून मागे गेलं तर कल्पना, 'इफ आय हॅड टाइम', वेळ नाहीये पण असता तर. वुड, कुड, माइट, शुड ही चारही मूळची विल, कॅन, मे, शॅल यांची भूतकाळाची रूपं, त्यामुळे ही तिन्ही कामं त्यांच्याकडे येतात. ज्यांनी 'कुड म्हणजे शकलो' असं पाठ केलंय त्यांच्या हातात तीनातला एकच अर्थ आहे आणि तोही, पुढे सांगते, अर्धाच. मी वर्गात पहिल्या दिवशी हे अर्थ वहीतून खोडायला सांगते. लोकांना आवडत नाही, पण त्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

रूपांबद्दल फार वेळ घालवत नाही. मुख्य मोडल्स नऊ: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. यांना ही-शीसाठी एस लागत नाही, पुढचं क्रियापद साधं येतं, मधे टू येत नाही, प्रश्नाला डू लागत नाही आणि दोन मोडल्स शेजारी बसत नाहीत. 'विल कॅन' हवं असेल तर 'विल बी एबल टू' म्हणायचं, 'मस्ट'चा भूतकाळ हवा असेल तर 'हॅड टू'. एस का लागत नाही याचं कारण मात्र मला फार आवडतं म्हणून सांगते: कॅन, मे, शॅल ही हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लिशच्याही आधी भूतकाळाचीच रूपं होती, ती हळूहळू वर्तमानकाळ म्हणून वापरली जायला लागली, आणि भूतकाळाच्या रूपाला तिथे हीसाठी वेगळा शेवट नव्हता, म्हणून आजही नाही. कुडमधला न उच्चारला जाणारा एल तर निव्वळ वुड आणि शुडकडे बघून मागाहून घुसलेला आहे, कॅनमध्ये एल कधी नव्हताच.

आता पहिलं वाक्य. 'पाऊस आला तर आपण जाणार नाही.' यातलं 'आला' बघा. पाऊस अजून यायचाय, उद्याची गोष्ट आहे, तरी मराठीने भूतकाळाचं रूप घेतलं. इंग्लिश याच ठिकाणी साधा वर्तमानकाळ घेतं: 'इफ इट रेन्स, वी विल नॉट गो'. इथे आपल्या लोकांच्या दोन जाती होतात. एक जण 'आला'चं शब्दशः 'इफ इट रेन्ड' करतो आणि नकळत वाक्य कल्पनेत ढकलतो. दुसरा विचार करतो की गोष्ट उद्याची, म्हणजे फ्यूचर, म्हणजे विल, आणि 'इफ इट विल रेन' लिहितो. तुम्ही दुसऱ्या जातीतले. विलने तुम्ही पुढचं भाकीत करता, पण इफच्या भागात भाकीत नसतंच, तिथे आपण फक्त एक शक्यता मांडतो, 'समजा असं झालं'. भाकीत नंतरच्या भागात येतं, म्हणून विल तिथे. हेच व्हेन, आफ्टर, अंटिल, ॲज सून ॲज यांनाही लागू. 'तो आला की सांग' आणि 'तो आला तर सांग', मराठीत 'आला' दोन्हीकडे, फरक 'की' आणि 'तर'चा, इंग्लिशमध्ये 'कम्स' दोन्हीकडे आणि फरक व्हेन आणि इफचा. येणार हे नक्की असेल तर व्हेन. मेलमध्ये 'व्हेन यू हॅव एनी क्वेश्चन' लिहिणारे समोरच्याला प्रश्न पडणारच असं गृहीत धरतात, तिथे इफ पाहिजे.

मग इफनंतर विल कधीच येत नाही का? येतं, आणि कधी येतं हे ओळखायची खूण मराठीत तयार आहे जी मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, शिकवता शिकवताच लक्षात आली. मराठीत 'आला तर' न म्हणता 'येणार असेल तर' म्हणायची जागा असेल तिथे थांबून बघा. 'त्याने तुझं समाधान होणार असेल तर मी माफी मागते', 'इफ इट विल मेक यू फील बेटर, आय विल अपॉलजाइज'. इथे समाधान हा माफीनंतरचा परिणाम आहे, आधीची अट नाही, म्हणून विल चालतं. 'तू ऐकणारच नसशील तर मी कशाला बोलू', इथे तयारी नसण्याचा, हट्टाचा अर्थ आहे, 'इफ यू वोन्ट लिसन' एकदम बरोबर. 'तू जाणार असशील तर मीही येते', इथे आधीच ठरलेला बेत आहे, तर 'इफ यू आर गोइंग'. म्हणजे 'णार असेल तर' दिसलं की विल किंवा गोइंग टूचा विचार करायचा, नुसतं 'आला तर, झालं तर, मिळालं तर' असेल तर डोळे मिटून साधा वर्तमानकाळ.

आता कल्पनेची वाक्यं, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे कारण खरी अडचण इथे आहे.

मराठीत कल्पनेची खूण एकच: असता, असती, असतं, असते. जुन्या किंवा ठसक्याच्या बोलण्यात 'तो येता तर' असंही ऐकू येतं. 'पाऊस आला तर' खरी शक्यता, 'पाऊस आला असता तर' कल्पना. इथपर्यंत सोपं आहे. पण आता हे वाक्य घ्या: 'पैसे असते तर घेतलं असतं.' दुकानाच्या काचेबाहेर आत्ता उभी राहून मी हे म्हणू शकते, आणि तीन वर्षांपूर्वी हातून गेलेल्या घराबद्दलही अक्षरशः हेच वाक्य म्हणू शकते. मराठीला फरक पडत नाही, ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. इंग्लिश मात्र इथे अडून बसतं, आत्ताची कल्पना की गेलेल्या काळाची कल्पना हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. आत्ता पैसे नाहीत: 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय इट'. तेव्हा पैसे नव्हते: 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट इट'. एकाच मराठी वाक्याची दोन इंग्लिश वाक्यं होतात आणि त्यातलं कुठलं ते मराठी रूप बघून कधीच कळणार नाही, स्वतःला विचारावंच लागतं. सेकंड कंडिशनल (आत्ताची कल्पना) आणि थर्ड कंडिशनल (गेलेल्या काळाची कल्पना) आपल्या डोक्यात सारखे एकमेकांत मिसळतात याचं कारण हे आहे, तुमची पाठांतरातली ढिलाई नव्हे.

वरचं एक पाऊल मागे जाण्याचं तत्त्व इथे लावलं तर चार साचे पाठ करायची गरजच उरत नाही. 'रेन्स' ही खरी शक्यता. कल्पनेत गेलो, एक पाऊल मागे, 'रेन्ड'. कल्पनाही आहे आणि काळही गेलेला आहे, दोन पावलं मागे, 'हॅड रेन्ड'. दुसऱ्या भागातही तसंच, विल, मग वुड, मग वुड हॅव. बस. आणि मिक्स्ड कंडिशनल नावाचा जो पाचवा प्रकार शेवटच्या पानावर भीती घालायला ठेवलेला असतो तो वेगळा प्रकारच नाहीये, दोन्ही भागांना आपापला प्रश्न वेगळा विचारला की तो आपोआप तयार होतो. 'तेव्हा अभ्यास केला असता तर आज इथे नसतो.' अभ्यास गेलेल्या काळातला, दोन पावलं, 'इफ आय हॅड स्टडीड'. इथे असणं आजचं, एक पाऊल, 'आय वुड नॉट बी हिअर नाउ'.

'इफ आय वर यू'मधल्या 'वर' या क्रियापदाबद्दल नेहमी विचारतात. मी तुझ्या जागी असते तर. आयला वॉज लागतो मग 'वर' का, तर ते कल्पनेसाठी असलेल्या जुन्या रूपाचं शिल्लक राहिलेलं एकुलतं एक उदाहरण आहे. बोलताना 'इफ आय वॉज' भरपूर लोक म्हणतात आणि ते चालतं, पण लिहिताना, परीक्षेत आणि खासकरून 'इफ आय वर यू' या ठरलेल्या वाक्यात 'वर'च ठेवा. उलट बाजूने एक सावधगिरी, खऱ्या भूतकाळात 'वर' घालू नका. 'तो काल ऑफिसात होता तर त्याने मेल बघितलाच असणार', ही कल्पना नाही, फक्त मला माहीत नाही, म्हणून 'इफ ही वॉज इन द ऑफिस यस्टरडे, ही मस्ट हॅव सीन द मेल'. इथे काही मागे जाणं वगैरे नाही, साधा भूतकाळ म्हणजे साधा भूतकाळ. साच्यांच्या यादीत हे वाक्य कुठेच बसत नाही पण रोजच्या बोलण्यात ते सारखं येतं.

अनलेसचं पटकन सांगते. अनलेसमध्ये नाही आधीच आहे, त्यामुळे 'अनलेस यू डोन्ट पे' म्हटलं की अर्थ उलटा होतो. मराठीतलं 'पैसे भरल्याशिवाय' डोक्यात ठेवा, तिथेही आपण 'न भरल्याशिवाय' म्हणत नाही. इन केस म्हणजे इफ नव्हे: 'टेक अन अम्ब्रेला इन केस इट रेन्स' म्हणजे पाऊस आलाच तर असावी म्हणून आत्ताच घे, 'इफ इट रेन्स' म्हणजे पाऊस आल्यावर घे. आणि इफ गाळून क्रियापद पुढे आणलेली वाक्यं, 'हॅड आय नोन', 'शुड यू नीड एनी हेल्प', 'वर वी टू अग्री', ही पत्रव्यवहारात वाचली की घाबरू नका, तिथे इफ मनात ठेवून वाचा, स्वतः वापरायची घाई नको, 'शुड यू नीड' तेवढं एक मेलमध्ये छान दिसतं.

दुसरं वाक्य, 'आय कुड फिनिश द रिपोर्ट यस्टरडे'. इथे 'शकलो' या पाठ केलेल्या अर्थाने घात केलाय. मराठीत 'पूर्ण करू शकलो' म्हणजे केलं, झालं, प्रयत्नाला यश आलं. इंग्लिश कुडमध्ये यश आल्याची हमी नाहीये, त्यात फक्त अंगात क्षमता होती एवढंच आहे, 'शी कुड स्विम ॲट फाइव्ह', पाचव्या वर्षी तिला पोहता यायचं. एका विशिष्ट वेळी एखादी गोष्ट खरंच जमली हे सांगायचं असेल तर 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू', आणि बहुतेक वेळा तेही नको, 'आय फिनिश्ड इट' म्हणा ना सरळ. नाही जमलं असेल तर मात्र 'कुडंट' बिनधास्त चालतं, आणि दिसणं, ऐकू येणं अशा क्रियापदांबरोबर होकारातही चालतं, 'आय कुड हिअर देम'. हे क्षुल्लक वाटेल पण माझ्या एका विद्यार्थिनीने मुलाखतीत आपली कामं सांगताना प्रत्येक वाक्य 'आय कुड'ने सुरू केलं होतं, 'आय कुड रिड्यूस द कॉस्ट', 'आय कुड ट्रेन द टीम', आणि समोरच्याने शेवटी विचारलं की हे तुम्ही केलंय की करू शकाल असं म्हणताय? तिने चार वर्षं राबून केलेलं काम तिच्याच तोंडून 'करता येईल' होऊन बाहेर पडत होतं. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की तेव्हापासून हा मुद्दा मी कुठल्याच बॅचमध्ये सोडलेला नाही.

तिसरं वाक्य. मस्ट आणि हॅव टू होकारात जवळजवळ जुळी भावंडं आहेत, नकारात एकदम वेगळ्या दिशेला जातात. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे येता कामा नये, बंदी. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे यायची गरज नाही, आलात तरी हरकत नाही. मराठीत 'यायला नको' या एका तुकड्यात दोन्ही अर्थ मावतात, 'उद्या यायला नको, सुट्टी आहे' म्हणजे गरज नाही, आणि 'त्याने इथे यायला नको' म्हणजे येऊ नये. घोळ तिथून सुरू होतो. मस्ट नॉट लिहायच्या आधी त्या जागी 'कामा नये' घालून वाक्य म्हणून बघा, बसलं तरच मस्ट नॉट. एका ओळखीतल्या माणसाने क्लायंटला सौजन्य म्हणून लिहिलं होतं की शनिवारच्या कॉलला 'यू मस्ट नॉट जॉइन', आणि समोरून अगदी थंड उत्तर आलं होतं. हॅड बेटरचंही असंच. त्यातल्या बेटरमुळे ते गोड सल्ला वाटतं, प्रत्यक्षात त्यात 'नाहीतर बघ' अशी धार आहे, 'यू हॅड बेटर रिप्लाय टुडे' हे वरिष्ठांना चुकूनही लिहू नका. शुड किंवा 'इट माइट बी गुड टू' वापरा.

आता चौथ्या वाक्याकडे जायच्या आधी मोडल अधिक हॅव ही गोष्ट नीट बघू, कारण इथे मराठी आपल्याला अडवत नाही, उलट हात धरून नेते. तो आला असेल, 'ही मे हॅव कम'. आला असावा, 'ही हॅज प्रॉबब्ली कम'. आला असणार, 'ही मस्ट हॅव कम'. आला असणं शक्यच नाही, 'ही कान्ट हॅव कम', इथे मस्ट नॉट हॅव सहसा म्हणत नाहीत. आला नसेल, 'ही मे नॉट हॅव कम', आणि हे आधीच्यापेक्षा किती वेगळं आहे बघा. आला असता, 'ही वुड हॅव कम'. येऊ शकला असता, 'ही कुड हॅव कम'. यायला हवा होता, 'ही शुड हॅव कम', नाही आला हा शेरा त्यात आलाच. यायची गरज नव्हती तरी आला, 'ही नीडंट हॅव कम'. यावं लागलं त्याला, 'ही हॅड टू कम', इथे हॅव आणि तिसरं रूप नाही, आणि नेमकं इथेच लोक 'मस्ट हॅव' घालतात, 'आय मस्ट हॅव गॉन टू द बँक' लिहितात आणि म्हणायचं असतं बँकेत जावं लागलं. त्याचा अर्थ 'मी बँकेत गेलो असणार' असा होतो, जसं काही स्वतःलाच आठवत नाहीये. आपल्याकडे असेल, असावा, असणार, असता हे चार शब्द इतके बारीक फरक दाखवतात की ते ज्याला येतात त्याला इंग्लिशचे हे फरक कळणार नाहीत असं होऊच शकत नाही, फक्त जोड्या जुळवून घ्यायच्या आहेत. मे हॅव आणि माइट हॅव बहुतेक ठिकाणी सारखेच, पण 'पडला असतास ना!' असं धोका टळल्यावर म्हणायचं असेल तर 'यू माइट हॅव फॉलन' किंवा 'यू कुड हॅव फॉलन', तिथे मे नको.

वुडबद्दल अजून तीन गोष्टी, तिन्ही रोजच्या. लोक मेलमध्ये नम्र वाटावं म्हणून विलच्या जागी सरसकट वुड घालतात, 'द मीटिंग वुड बी ॲट फोर टुमॉरो'. विनंतीत वुड अदब आणतं हे खरं, पण माहिती देताना वुड आलं की वाचणारा अट शोधायला लागतो, म्हणजे झाली असती तर चारला, पण? ठरलेल्या गोष्टीला विल. दुसरं, कुणी काय म्हणालं ते सांगताना. आपण 'तो म्हणाला की मी येईन' असं त्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवतो, इंग्लिश सगळं वाक्य एक पाऊल मागे नेतं, 'ही सेड ही वुड कम'. तेच पाऊल, यावेळी काळापासून. आणि तिसरं, जुन्या सवयीचा वुड, आम्ही तिथे पोहायला जायचो, 'वी वुड गो स्विमिंग देअर', हा कृतीला चालतो पण स्थितीला नाही. 'मी तेव्हा बारीक असायचे' याला 'आय वुड बी थिन' होत नाही, 'आय यूज्ड टू बी थिन'.

शॅलबद्दल विचारलं नव्हतं पण आय-वीला शॅल आणि बाकीच्यांना विल हा नियम अजून कुणी ना कुणी घोकत असतं म्हणून सांगते. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमधून इंग्लिशचं व्याकरण लिहिलं त्यात तो मांडला होता. आज रोजच्या इंग्लिशमध्ये शॅल उरलंय ते मुख्यतः 'शॅल आय ओपन द विंडो', 'शॅल वी स्टार्ट' अशा विचारण्यात, उघडू का, सुरू करूया का. करार आणि तांत्रिक कागदपत्रं हे मात्र वेगळं राज्य आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांत शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता असं ठरवून दिलेलं आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना आरएफसी २११९ हा इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा कागद माहीत असेल, मार्च १९९७ चं, त्यात मस्ट, शुड, मे यांचे अर्थ असेच बांधून दिलेत, शुड म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम समजून घेतले असतील तरच सोडता येईल अशी गोष्ट. असे कागद वाचताना शुडला 'केलं तर बरं' समजू नका.

आता चौथं वाक्य, 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू'. मराठीत 'मला माहीत असतं तर सांगितलं असतं', दोन्हीकडे असतं, म्हणून तुम्ही दोन्हीकडे वुड हॅव घातलं, कानाला सममिती छान वाटते. इंग्लिशमध्ये इफच्या भागात वुड हॅव येत नाही, तिथे हॅड. तुम्ही म्हणाल की अमेरिकन मालिकांमध्ये 'इफ आय वुड हॅव' ऐकलंय, तर हो, बोलण्यात ते आहे, पण लिहिण्यात चूकच धरतात. शिवाय ऐकताना एक फसगत होते जी कळली की बराच उजेड पडतो. हॅड आणि वुड दोघांचं बोलताना आखूड होऊन नुसतं ड उरतं. 'आयड' म्हणजे आय हॅड की आय वुड? पुढचा शब्द बघायचा. साधं क्रियापद आलं, 'आयड गो', तर वुड. तिसरं रूप आलं, 'आयड गॉन', तर हॅड. रादर आलं तर वुड, बेटर आलं तर हॅड. वुडनंतरचं हॅवही इतकं पुसट होतं की ते 'वुड ऑव्ह'सारखं ऐकू येतं आणि इंग्लिश मातृभाषा असलेले लोकही ते तसंच चुकीचं लिहून बसतात. आता तुमचं वाक्य जसं बोललं जातं तसं लिहिते: 'इफ आयड नोन, आयडव्ह टोल्ड यू'. पहिल्या आयडनंतर नोन, तिसरं रूप, म्हणून ते हॅड. दुसऱ्या आयडनंतर हॅवचा तो पुसटसा आवाज, म्हणून ते वुड. हे वाक्य रोज पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणा, क्रियापदं बदलत, 'इफ आयड सीन इट, आयडव्ह बॉट इट', 'इफ शीड आस्क्ड, आयडव्ह हेल्प्ड', प्रत्येक वेळी आधी मराठी मनात म्हणून, आणि म्हणताना हे आत्ताचं 'असतं' आहे की गेलेलं, एवढं एकच स्वतःला विचारत.